सातारा-सांगलीकरांनो, एकदा तरी उजेडात गाडीत बसा

माहुली_फलाट (सातारा)

आपल्याकडे मुंबईला जायचं म्हटलं की महालक्ष्मी. रात्री बसायचं, चादर ओढायची, सकाळी दादरला उतरायचं. कामाच्या माणसाला ते सोयीचंच आहे. पण त्यामुळे पुणे-मिरज हा आपल्या दारातला मार्ग आपल्यातल्याच कितीतरी जणांनी उजेडात पाहिलेला नाही. सिमल्याच्या आगगाडीचे फोटो व्हॉट्सॲपवर हौसेनं पाठवणाऱ्या माणसाला आदर्कीचा घाट माहीत नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

लांबच्या रेल्वेप्रवासात मला सगळ्यात जास्त काय आवडतं, तर जमीन बदलताना दिसते. ऊस कुठे संपतो, काळी माती जाऊन तांबडी कुठे लागते, पत्र्याची छपरं जाऊन कौलं कधी दिसायला लागतात, हे सगळं न तुटता, सलग डोळ्यांपुढून जातं. विमानात ते दिसत नाही आणि हायवेला दोन्ही बाजूंना हॉटेलं आणि शोरूम. हे पाहायला लांब कुठे जायची गरजही नाही, कोयना एक्स्प्रेसचं तिकीट पुरतं.

सकाळी कोल्हापूरहून निघालेली कोयना दुपारच्या सुमारास साताऱ्यात येते. नवख्यांसाठी सांगतो, स्टेशन गावात नाही, क्षेत्र माहुलीच्या अंगाला आहे, कृष्णा-वेण्णेच्या संगमाजवळ. गाडी सुटली की जरंड्याचा डोंगर बराच वेळ सोबतीला असतो. हवा स्वच्छ असली तर डाव्या हाताला लांबवर चंदन-वंदनची जोडी ओळखू येते. वाठार गेलं की मात्र मोबाईल खिशात ठेवा. इथे शंभू महादेवाची डोंगररांग आडवी आलेली आहे आणि ती ओलांडून रूळ आदर्कीच्या घाटात वळणं घेत, बोगद्यांतून खाली उतरतात. मोठ्या वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन आपल्याला खिडकीतून दिसतं.

या रांगेची गोष्ट नकाशा घेऊन पाहिली तर आणखी गोड लागते. रांगेच्या अलीकडे पडलेला पाऊस कृष्णेला जातो, पलीकडचा नीरेला. नीरा भीमेला मिळते आणि भीमा शेवटी रायचूरजवळ कृष्णेलाच येऊन मिळते. आदर्कीच्या माथ्यावर एकमेकांशेजारी पडलेलं पाणी इथे फुटतं ते थेट कर्नाटकाच्या त्या टोकाला भेटतं. गाडी तो माथा काही मिनिटांत ओलांडून जाते, आणि डब्यातली निम्मी माणसं तेव्हा झोपलेली असतात.

पुढे सालपे, मग लोणंदचा कांदा. नीरेच्या पुलावर आपला जिल्हा संपतो. वाल्हे, दौंडज, जेजुरी, म्हणजे पुरंदरचा अंजीर-सीताफळाचा मुलूख. मग शिंदवणे घाट, तिथे पुन्हा बोगदे, आणि खाली उतरलो की पुण्याचं सपाट खोरं. पुण्यापुढे लोणावळ्यापासून बोरघाट. एका तिकिटात तीन घाट आणि कृष्णेच्या खोऱ्यातून समुद्राच्या पातळीपर्यंतची उतरण, तीही सगळी एका दिवसात.

तुमच्या पाहण्यातले मार्ग लिहा. नुसतं गाडीचं नाव नको. महिना कुठला, बाजू कुठली, काय दिसतं, तेही सांगा.

विश्रामबागकर (सांगली)

धागा काढलात, फार बरं केलंत. पण तुम्ही साताऱ्यापासून वर निघालात आणि आमची खालची बाजू तशीच राहिली. ती मी भरतो.

सांगलीहून साताऱ्याकडे जाताना डावी खिडकी धरा. कृष्णा त्या बाजूला आहे. ती सारखी दिसत नाही, पण तिच्यामुळे जे हिरवं झालंय ते दिसत राहतं. नांद्र्याजवळ येरळेचा पूल, मग भिलवडी, आमणापूर. एका बाजूला ऊस, मध्येच पलूसच्या अंगाच्या द्राक्षबागा. मार्गशीर्ष-पौषात या. उसाला तुरे आलेले असतात आणि सकाळच्या तिरक्या उन्हात ते तुरे चंदेरी दिसतात. एखादं गुऱ्हाळ चालू असलं तर वास डब्यात शिरतो.

किर्लोस्करवाडी येते तेव्हा मी शेजारच्या माणसाला हटकून सांगतो, की १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथे उजाड माळावर कारखाना आणि गाव दोन्ही वसवलं. लोखंडी नांगर इथून गावोगाव गेले. पुढे ताकारी-भवानीनगरकडे सागरेश्वराचा डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याचं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. आणि कराडचं स्टेशन म्हणजे ओगलेवाडी, जिथल्या काचेच्या कारखान्याचे प्रभाकर कंदील आमच्या आजीच्या घरात होते. एवढ्या एका पट्ट्यात महाराष्ट्राच्या उद्योगाचा आणि राजकारणाचा केवढा इतिहास आहे! गाडी हळू जाते म्हणून तो नीट बघता येतो.

चारचाकी_कराड

वाचायला छान वाटलं, पण मला पटत नाही. कराडहून पुण्याला गाडीनं तीन तासांत पोचतो. दारात बसतो, दारात उतरतो. रेल्वेनं जायचं तर ओगलेवाडीला जा, वाट बघा, मध्ये कुठे क्रॉसिंगला थांबा, पुण्यात उतरून पुन्हा रिक्षा करा. सुटी असते एकच दिवस. तो दिवस प्रवासात घालवायचा की पोचून काहीतरी बघायचं? निसर्गच बघायचा तर कास आहे, ठोसेघर आहे, कोयनानगर आहे.

माहुली_फलाट

दादा, तुमचा मुद्दा खोटा नाही. पोचणं हेच काम असेल तर गाडीनं जा, मीही जातो. पण स्टिअरिंग हातात असताना तुम्ही रस्ता बघता, मुलूख बघत नाही. खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना आणि बाहेर पडताना तुमचं लक्ष ट्रकवर असतं, असायलाच हवं. रेल्वेत तीच डोंगररांग दुसऱ्या ठिकाणी ओलांडताना हात मोकळे असतात. क्रॉसिंगचं म्हणाल तर मार्ग दुहेरी होत गेला तसं ते थांबणंही कमी होत गेलं. आणि कासला तुम्ही जाऊन बघता ते एक पठार. मी म्हणतोय ते पठार संपून दुसरं सुरू होतं कुठे, ते बघण्याबद्दल.

जुना_सातारारोड

माझं वय झालंय, म्हणून थोडं मागचं लिहितो. तरुणांना कदाचित नवीन असेल.

आत्ताची ब्रॉडगेज १९७१ ची. त्याआधी पुणे-मिरज मीटरगेज होती, सदर्न मराठा रेल्वेनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टाकलेली. तेव्हा माहुलीला स्टेशन नव्हतं. साताऱ्याचा माणूस सातारा रोडला उतरायचा, पाडळीजवळ, जिथे कूपरांचा कारखाना आहे. तिथून टांगा नाहीतर एसटी. रूळ रुंद करताना मार्गही बदलला आणि गाडी साताऱ्याच्या जवळून नेली. सांगलीचंही तसंच. तुमच्या स्टेशन चौकात आज स्टेशन नाही, कारण मिरजेहून सांगलीत येणारा जुना फाटा तिथे संपायचा. मुख्य मार्ग सांगलीवरून गेला तो नंतर.

मीटरगेजचा डबा अरुंद होता, बाकं लाकडी. वाफेचं इंजिन आदर्की चढताना इतकं हळू व्हायचं की बाभळीच्या शेंगा मोजाव्यात. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यात कोळशाचा कण जायचा, आई पदराचा शेव ओला करून तो काढायची. त्या प्रवासात माणसं एकमेकांशी बोलायची. कोण कुठला, कुणाच्या लग्नाला निघालाय, पाऊस किती झाला. आज डब्यात प्रत्येकाच्या कानात काहीतरी घातलेलं असतं. तरी मी अजून विचारतो, "पाव्हणं, कुठलं गाव?" आणि दहातले आठ कानातलं काढून उत्तर देतात. विचारून बघा.

आणि मिरजेचं एक सांगायचं राहिलं. एके काळी मिरजेला तिन्ही रूळ होते. पुण्याकडून ब्रॉडगेज, लोंढ्याकडे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे बार्शी लाइटची नॅरोगेज. तीन वेगवेगळ्या रुंदीच्या गाड्या एकाच जंक्शनात उभ्या असायच्या. त्यासाठी मुद्दाम मिरजेला जाऊन उभं राहणारी आमच्यासारखी पोरं होती.

येरळाकाठचा_गडी

काका, तुमी नॅरोगेजचं काढलं म्हणून लिव्हतो. आमची म्हातारी अजून सांगते, पंढरपूरला छोट्या गाडीनं जायची, आषाढीला टपावर बी माणसं असायची. आता तीच लाइन ब्रॉडगेज झाली. मागल्या माघीला म्हातारीला घेऊन मिरजेवरनं गेलो.

सगळे घाट-घाट म्हणतायत, पण ह्या लाइनीवर घाट न्हाई, धबधबा न्हाई, तरी मला ती लई आवडते. मिरज सोडली की आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ. तासाभरात ऊस मागं पडतो. माळ लागतो, खडक वर आलेला, बाभळी, शेरडं. ढालगाव, जत रोड, मग सांगोला, तिथं डाळिंबाच्या बागा. एकाच जिल्ह्यात पाणी असलेला भाग आन नसलेला भाग असा डोळ्यांनी बघायचा असंल तर ह्या गाडीत बसा. म्हातारी खिडकीला हात जोडून बसली हुती आख्ख्या वाटंला.

आणि २०१६ च्या दुष्काळात ह्याच मिरजेतनं लातूरला रेल्वेनं कृष्णेचं पाणी गेलं, ती गाडी बी ह्याच लाइनीनं गेली. पहिल्यांदा धा टाक्या, एकेक पन्नास हजार लिटरची. नंतर पन्नास टाक्यांची गाडी. आमच्या गावातली माणसं बघायला गेली हुती. तवा कुणाच्या तोंडात शब्द नव्हता.

कोरेगावची_लेक

वरच्या प्रतिसादाला माझा नमस्कार. "घाट नाही तरी आवडते" हे फार खरं आहे.

मला खाण्याबद्दल लिहायचंय, कारण आमच्या घरात प्रवासाची तयारी स्वयंपाकघरात सुरू होते. दशम्या दुधात भिजवलेल्या, दोन दिवस मऊ राहतात. तिखट-मिठाच्या पुऱ्या. शेंगदाण्याची चटणी कोरडी, दह्याशिवाय. कांदा गाडीतच फोडायचा. साताऱ्याहून निघालं तर कंदी पेढे घ्यायचेच, ते समोरच्या बाकावरच्या अनोळखी लोकांसाठी. आमच्या आईचा नियम होता की डबा उघडला की आधी समोरच्याला विचारायचं. त्या एका पेढ्यावर मला एकदा हुबळीच्या एका आजींनी धारवाडी पेढा दिला होता आणि दोन्हींत जास्त भाजलेला कोणता यावर आम्ही बेळगाव येईपर्यंत बोलत होतो.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी: लहान मुलं गाडीत कंटाळतात हे माझ्या अनुभवात खरं नाही. त्यांना काम द्या. आमची मुलं नकाशाच्या कागदावर स्टेशनं खोडत जातात आणि नदी आली की तिचं नाव ओरडून सांगतात. मिरजेच्या पुढे उगार आणि कुडचीच्या मध्ये कृष्णेचा पूल येतो, पावसाळ्यात तिथे पात्र एवढं रुंद असतं की पोरं गप्प होतात.

एकट्या जाणाऱ्या मुलींना माझा सल्ला: दिवसाची गाडी घ्या. दृश्यासाठीही आणि निर्धास्तपणासाठीही. मधल्या बर्थवरून वाद होतात, तेव्हा नियम माहीत असू द्या. झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६. त्या वेळेबाहेर मधला बर्थ खाली करायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. गोड शब्दांत सांगा, पण सांगा.

लोंढा_लाइन (बेळगाव)

मूळचा मिरजेचा, आता बेळगावात. दूधसागरचा विषय अजून कुणी काढला नाही हे बघून आश्चर्य वाटलं, कारण सातारा-सांगलीच्या लोकांना तो घरबसल्या आहे.

गाडी गोवा एक्स्प्रेस, निजामुद्दीन ते वास्को. सातारा आणि मिरज दोन्हीकडे थांबते. पण एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर हळहळ होईल. जाताना ती साताऱ्याला संध्याकाळी येते आणि घाटात पोचते तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते, काहीही दिसत नाही. येताना मात्र वास्कोहून दुपारी सुटते आणि उजेड असतानाच धबधब्याच्या पुढून जाते. म्हणून जाताना झोपून जा, गोव्यात एक-दोन दिवस राहा आणि परतीला खिडकी मिळेल असं बघा. रात्री मिरजेला परत.

कुळेपासून कॅसलरॉकपर्यंत जो घाट आहे त्याला ब्रागांझा घाट म्हणतात. पोर्तुगालच्या राजघराण्याचं नाव. मुरगाव बंदर देशाच्या आतल्या भागाशी जोडायला १८८० च्या दशकात हा मार्ग झाला. साधारण ३७ फुटांना एक फूट असा चढ, म्हणून चढणीला गाडीला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. कुळ्याला ती लागतात तेव्हा डब्याला हलकासा धक्का बसतो. मग गाडी माणसाच्या पळण्याच्या वेगानं वर चढते. सोनावळी मागे पडलं की दरीपलीकडे पांढरी रेघ दिसते. ती रेघ मोठी होत जाते, मध्ये बोगदे येऊन ती झाकतात, पुन्हा दाखवतात. आणि मग गाडी धबधब्याच्या पोटातून, पुलावरून जाते. मांडवी नदी ३०० मीटरांहून जास्त उंचीवरून टप्प्याटप्प्यानं कोसळते आणि तिचे तुषार खिडकीतून तोंडावर येतात. डब्यातला आवाज बंद होतो. मी हे वर्षानुवर्षं पाहतोय आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

कळकळीची विनंती: दूधसागरला उतरून रुळांवरून चालू नका. रेल्वेनं त्याला बंदी घातली आहे आणि ती योग्य आहे. निसरडे दगड, अरुंद पूल, आणि चढणीला जोरात असलेलं इंजिन धबधब्याच्या आवाजात ऐकू येत नाही. जवळून बघायचाच असेल तर पावसाळा संपल्यावर कुळ्याहून जीपनं जाता येतं.

महिना म्हणाल तर श्रावण-भाद्रपद. आणि धबधब्यासाठी सगळी वाट वाया घालवू नका. कॅसलरॉक, तिनईघाट, लोंढा, खानापूर हे सगळं जंगल आहे. तुम्ही लाल मातीतून वर येता आणि बेळगावच्या पुढे अंधारात काळ्या मातीत शिरता.

विश्रामबागकर (सांगली)

लोंढा_लाइन, जाताना रात्र आणि येताना उजेड ही माहिती सोन्यासारखी. घरी वाचून दाखवली.

गोंदियाची_सून (सांगली)

मी या धाग्यावर लिहू की नको असं झालं होतं, कारण मी ज्या गाडीबद्दल लिहिणार तिला कुणी निसर्गरम्य म्हणत नाही. महाराष्ट्र एक्स्प्रेस. कोल्हापूर ते गोंदिया.

माहेर गोंदिया, सासर सांगली. ही गाडी १३०० किलोमीटरांहून जास्त धावते आणि एवढं अंतर जाऊन महाराष्ट्राच्या बाहेर जात नाही. दुपारी सांगलीत बसायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदिया. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, एवढं लांब दिलं कसं तुझ्या वडिलांनी. मी तेव्हा काही बोलले नाही. आता मी त्यांनाच बरोबर घेऊन जाते आणि त्या खिडकी सोडत नाहीत.

पहिली दुपार तुमची सगळ्यांची ओळखीची, कृष्णाकाठ. अंधार पडायच्या सुमाराला सातारा. पुणे, दौंड, अहिल्यानगर, मनमाड हे रात्री जातं. सकाळी जाग येते ती जळगाव-भुसावळच्या आसपास आणि खिडकीबाहेर केळी. एवढी केळी की झोपेत वाटावं गाडी बागेतूनच चाललीय. मग मलकापूर, शेगाव. शेगावला डब्यातले कितीतरी लोक बसल्या जागेवरून हात जोडतात. अकोल्यापासून कापूस. दिवाळीच्या आसपास गेलात तर बोंडं फुटलेली असतात, मैलोन्‌मैल. बडनेऱ्यानंतर पुलगावच्या अलीकडे वर्धा नदी ओलांडली की अमरावती संपून वर्धा जिल्हा. भाषा बदललेली असते. फलाटावर चहावाला ज्या सुरात बोलतो तो सूर ऐकला की माझ्या छातीत काहीतरी सैल होतं.

नागपूर गेलं की जमीन पुन्हा बदलते. भंडाऱ्याकडे तळी दिसायला लागतात, लहान-मोठी, कमळं असलेली. वैनगंगा ओलांडली, तिरोडा आलं, की भाताच्या बांध्याच बांध्या. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "अगं, हे तर कोकणासारखं दिसतंय." ज्वारी-उसातून निघून, केळी-कापसातून जाऊन, भातात उतरायचं. हे सगळं एकच राज्य आहे हे मला पुस्तकातून कधी कळलं नव्हतं, या गाडीनं कळलं.

अवघड बाजूही सांगते. गाडी लांबची आहे, उशीर होतो. उन्हाळ्यात स्लीपरमध्ये विदर्भातली दुपार कठीण असते, म्हणून वयस्कर माणसांना एप्रिल-मेमध्ये नेऊ नका. आश्विन ते माघ उत्तम.

माहुली_फलाट

ताई, धाग्याचा विषय मला जसा सांगायचा होता त्याहून तुम्ही नीट सांगितलात. घरी सगळ्यांना वाचायला दिला.

उघडी_खिडकी

एक मुद्दा मांडतो, त्यावर मतं हवीत. २०२४ पासून कोल्हापूर-पुणे वंदे भारत आली. वेगवान, स्वच्छ. पण खिडकी उघडत नाही. गुऱ्हाळाचा वास, दूधसागरचे तुषार, शेंगा विकणाऱ्याची हाक, यांतलं काचेआड काय उरतं? माझ्या मते नुसतं दिसणं म्हणजे अर्धा प्रवास. उघड्या खिडकीचे डबे कमी होत चाललेत आणि त्याबद्दल आपण बोलायला हवं.

चारचाकी_कराड

इथे मी वंदे भारतच्या बाजूनं. माझ्या वडिलांना दमा आहे. उघड्या खिडकीतून धूळ आली की त्यांचा दिवस जातो. बंद काचेतून का होईना, ते आदर्की बघू शकतात. शिवाय ज्याला वेळ नाही त्याला निदान दिवसाची गाडी मिळाली.

उघडी_खिडकी

वडिलांबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. दोन्ही असावं. काच मोठी आणि स्वच्छ असावी एवढी तरी मागणी सगळ्यांची असू शकते. डेक्कन एक्स्प्रेसला आणि डेक्कन क्वीनला २०२१ मध्ये विस्टाडोम डबे लागले, बोरघाटात त्यांचं छतही काचेचं. पावसाळ्यात त्यातून वरचे धबधबे दिसतात, जे साध्या खिडकीतून दिसत नाहीत. हे त्या डब्यांचं श्रेय.

बोरघाटातून जाताना एक नाव आठवावं. १८६३ मध्ये हा घाट रेल्वेला खुला झाला. बांधणीच्या काळात कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट सोडलं नाही, काम पुढे चालू ठेवलं. कॉलरा, दरडी यांत हजारो मजूर गेले, त्यांची नावं कुठे नाहीत. खंडाळ्याच्या बोगद्यात शिरताना मी क्षणभर त्यांना नमस्कार करतो.

बनशंकरी_सांगलीकर (बेंगळुरू)

नोकरीमुळे बेंगळुरूत. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस म्हणजे आमची घरची गाडी. तिनं रात्रीत बेंगळुरूला या आणि मग दिवसाच्या मंगळुरू गाडीत बसा. सकलेशपूर ते सुब्रह्मण्य रोड, सुमारे ५५ किलोमीटर, ५७ बोगदे. कॉफीचे मळे संपले की एकदम रान. दूधसागर आवडलेल्या माणसानं हा घाट चुकवू नये. इथेही रुळांवरून चालायला बंदी आहे.

त्याहून लांब जायचं तर रामेश्वरम. १९१४ चा पांबन पूल थकला होता, शेजारी नवा पूल एप्रिल २०२५ मध्ये खुला झाला, ज्याचा मधला भाग जहाजासाठी सरळ वर उचलला जातो. दोन्ही बाजूंना पाणी आणि गाडी हळू. पोहोचेपर्यंत दोन दिवस जातात, पण तेच तर हवंय.

कुंभार्ली_घाट

कोकण रेल्वेचं कुणीच लिहिलं नाही. आपल्याला ती थेट नाही, कराड-चिपळूण मार्गाची मागणी वर्षानुवर्षं चाललीय. तोवर कराडहून एसटीनं कुंभार्ली उतरा आणि चिपळूणहून दिवसाची गाडी धरा. १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पलीकडे पानवलचा उंच पूल. पावसाळ्यात वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात. बघणाऱ्याचा त्यात फायदाच. मला विचाराल तर रत्नागिरी ते कणकवली हा तुकडा पहिल्या पावसात बघावा.

येरळाकाठचा_गडी

आरं, लई माहिती जमली. पण तिकिटाचं कोण सांगंल? खिडकी मिळायला काय करायचं?

माहुली_फलाट

गडीभाऊ, मला माहीत आहे तेवढं सांगतो. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. गणपती, दिवाळी आणि मे सोडून बाकी दिवसांत आपल्या मार्गावर दिवसाच्या गाडीला जागा मिळणं फार अवघड नसतं, आठवड्यातला मधला वार धरा. रात्रीचा टप्पा असलेल्या गाडीत स्लीपरचा साइड लोअर मागा. दिवसा तिथे समोरासमोर दोन माणसं बसतात, खिडकी दोघांचीही. दोघं असाल तर यासारखी जागा नाही. म्हातारीला नेणार असाल तर डब्याच्या मध्यभागातला बर्थ क्रमांक बघा, दरवाजाजवळ वर्दळ फार. निघायच्या आधी वेळापत्रक पुन्हा तपासा, वेळा बदलतात.

श्रावणातल्या एका बुधवारी मी साताऱ्याहून कोयनेनं मुंबईपर्यंत जाणार आहे, दुसऱ्या दिवशी कोयनेनंच परत. विश्रामबागकर सांगलीतून बसणार म्हणालेत. कोरेगावची_लेक मुलांना घेऊन येते आहे, दशम्या तिच्याकडे, पेढे माझ्याकडे. कराडच्या दादांनी वडिलांना एसी डब्यात घेऊन यावं, आदर्की आल्यावर मी त्यांच्या डब्यात येऊन बसेन. अजून कुणाला यायचं असेल तर खाली लिहा, म्हणजे एकाच वेळी तिकिटं काढता येतील.

चारचाकी_कराड

दोन जागा धरा. कराडपासून. वडिलांना विचारलं, ते म्हणाले खिडकी डावीकडची पाहिजे.